एजमध्ये गूगलच्या खात्याने साइन इन करता येतं का? (सल्ला हवा)

हिशोबनीस_ताई
नमस्कार मंडळी. जुना लॅपटॉप बसला म्हणून नवा घेतलाय. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम. मी घरून जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. त्यात मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर आधीपासूनच होता आणि मला बरा वाटला. शिवाय एका जुन्या सरकारी साइटला अजून इंटरनेट एक्सप्लोरर मोड लागतो, तो एजमध्ये आहे. पण माझे सगळे बुकमार्क आणि क्लायंट लोकांचे पासवर्ड क्रोममध्ये, जीमेलच्या खात्यावर. फोनवरही क्रोमच.

तर एजमध्ये साइन इन करताना मी जीमेलचा पत्ता टाकला. त्याने घेतला! जीमेलवर कोड आला, तो भरला, नवीन पासवर्ड ठरवायला सांगितला, तोही ठरवला. आता वर कोपऱ्यात माझं नाव दिसतंय, पण बुकमार्क एकही नाही. कुठे अडलंय?

अटी: खर्च शून्य. आणखी एक खातं काढायचं नाही. आणि कृपा करून "क्रोम टाका" सांगू नका.

रात्रपाळी
क्रोम टाका ना ताई. दोन मिनिटांचं काम आहे.

वऱ्हाडी_ठेचा
अबे, शेवटची ओळ तरी वाच की.

सफरचंदवाला
मी सरळ सांगतो, मॅकबुक एअर घ्या. फोनवर सेव्ह केलेला पासवर्ड लॅपटॉपवर आपोआप हजर. आमच्या घरात तिघांकडे आहे, या असल्या भानगडी आम्हाला माहीतच नाहीत.

हिशोबनीस_ताई
दादा, खर्च शून्य लिहिलंय. लॅपटॉपचा पहिला हप्तासुद्धा अजून जायचाय. आणि माझा फोन अँड्रॉइड आहे.

सफरचंदवाला
मग फोनपण बदला एकदाच. लाँग टर्ममध्ये स्वस्त पडतं.

बाळू_बायनरी
ताई, तुमचं अडलेलं नाही, दुसरंच काहीतरी झालंय. एजला लागतं मायक्रोसॉफ्टचं खातं. ते काढताना पत्ता कुठलाही चालतो, जीमेलचासुद्धा. तुम्ही जीमेलचा पत्ता दिलात, त्यांनी तो तुमचाच आहे ना एवढं कोड पाठवून पाहिलं आणि त्या पत्त्यावर मायक्रोसॉफ्टचं कोरं खातं उघडून दिलं. म्हणजे आता तुमच्याकडे एकाच पत्त्याची दोन खाती आहेत. गूगलचा पासवर्ड वेगळा, मायक्रोसॉफ्टचा वेगळा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गूगलकडचं सामान एजला दिसणारच नाही.

तुमची दुसरी अट साइन इन केलं तेव्हाच मोडली, नकळत.

हिशोबनीस_ताई
अरे देवा. मग काल जीमेलचा पासवर्ड टाकला तर "चुकीचा" सांगत होतं ते यामुळेच! मी तर जीमेल हॅक झालं म्हणून तिकडचाही पासवर्ड बदलला.

रात्रपाळी
म्हणून म्हणत होतो क्रोम टाका.

पेन्शनर_पुणे३०
मुळात ब्राउझरमध्ये साइन इन करायचंच कशाला? २०१८ साली क्रोम ६९ आला तेव्हा जीमेल उघडलं की ब्राउझरच आपोआप साइन इन व्हायचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मॅथ्यू ग्रीन यांनी त्यावर लिहून क्रोम सोडत असल्याचं जाहीर केलं, बराच गदारोळ झाला, मग क्रोम ७० मध्ये ते बंद करण्याची सोय आली. तेव्हापासून मी कुठल्याही ब्राउझरला नाव सांगत नाही. पासवर्ड डोक्यात. वय ७१.

वऱ्हाडी_ठेचा
काका, एकच पासवर्ड सगळीकडे असन तर डोक्यात राहतेच.

पेन्शनर_पुणे३०
तो प्रश्न इथे गैरलागू आहे.

टक्स_तात्या
बाळूशेठचं बरोबर आहे, पण अर्धंच. एज आणि क्रोम दोन्ही क्रोमियम या गूगलच्या खुल्या ब्राउझरवरच बनलेत. लिनक्सवर आम्ही साध्या क्रोमियममध्ये गूगलचं खातं टाकायचो आणि बुकमार्क, पासवर्ड सगळं यायचं. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की क्रोम सिंक (बुकमार्क, पासवर्ड सगळ्या यंत्रांवर सारखे ठेवणारी सोय) फक्त आमच्या ब्राउझरसाठी, आणि १५ मार्च २०२१ पासून बाकीच्यांना दार बंद. तांत्रिक अडचण काडीची नाही, हा धंद्याचा निर्णय आहे.

बाळू_बायनरी
ते खरं, पण एजने गूगलचं सिंक कधीच वापरलं नव्हतं. २०२० च्या जानेवारीत नवा एज आला तोच स्वतःचं सिंक घेऊन.

टक्स_तात्या
मी एजबद्दल बोललोच नाही. तत्त्वाबद्दल बोलतोय.

बाळू_बायनरी
धागा एजचा आहे.

टक्स_तात्या
मग ताईंनी लिनक्स घ्यावं. खर्च शून्य. अटीत बसतं.

हिशोबनीस_ताई
डिजिटल सिग्नेचरचा टोकन लिनक्सवर चालवायला तुम्ही घरी येणार का?

कोकम_सोडा
मला एक कळत नाही. हल्ली जिकडे तिकडे "गूगलने साइन इन करा" असं बटण असतं. तो चॅटजीपीटीवाल्यांचा अ‍ॅटलस ब्राउझर आलाय, त्यात चॅटजीपीटीचं खातं लागतं आणि ते खातं गूगलने उघडता येतं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं खातं चाललंच की. मग एजला काय धाड भरलीय?

बाळू_बायनरी
चांगला प्रश्न. त्या बटणाने गूगल फक्त एवढंच सांगतं की ही बाई तीच आहे, हे तिचं नाव, हा मेल. तिथे साक्षीदाराची सही मिळते, तिजोरीची किल्ली नाही. अ‍ॅटलसमध्ये गूगलने शिरलात तरी क्रोमचे बुकमार्क वेगळे आयात करावेच लागतात. उद्या एजने ते बटण दिलं तरी ताईंचे पासवर्ड त्यातून येणार नाहीत.

ब्रेव्ह_मावळा
ब्रेव्ह वापरा. खातंच नाही! सिंकसाठी २४ शब्दांची साखळी देतो, दुसऱ्या यंत्रावर टाकताना आणखी एक पंचविसावा शब्द, तो ठरावीक वेळेतच चालतो. ना मेल, ना फोन नंबर. मी शब्द कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवलेत.

वऱ्हाडी_ठेचा
आता सगळ्यांना डबा माहीत झाला.

सांगलीची_सून
विषय निघालाच आहे तर. माझ्या भावाने ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये घरचं खातं टाकलं होतं. नोकरी सोडली, लॅपटॉप जमा केला, त्यांनी तो साफ न करताच पुढच्या माणसाला दिला. भाऊ फोनवर जे शोधायचा ते तिकडे सूचनांमध्ये दिसायचं. त्या भल्या माणसाने एक दिवस फोन करून विचारलं, "साहेब, मूळव्याधीवर गुण आला का?" तेव्हा गूगल खात्यात जाऊन सुरक्षा, तिथे तुमची उपकरणं, आणि अनोळखी वाटेल ते साइन आउट. ताई, जुना लॅपटॉप भंगारात देणार असाल तर त्याआधी हे कराच.

हिशोबनीस_ताई
हे आत्ताच केलं. त्यात आणखी एक जुना फोनही निघाला. धन्यवाद.

बाळू_बायनरी
आता मूळ कामाचं. फुकटात असं होईल: थोड्या वेळापुरता क्रोम टाका (रात्रपाळी, खूश व्हा), त्यात गूगलने साइन इन करा, बुकमार्क उतरू द्या. मग एजच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलखाली ब्राउझर डेटा आयात करण्याची सोय आहे, तिथे क्रोम निवडा. बुकमार्क येतील. पासवर्ड थेट आले नाहीत तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढून एजमध्ये भरा. ती फाइल उघडी असते, नोटपॅडमध्येही सगळे पासवर्ड स्वच्छ वाचता येतात. काम झालं की डाउनलोडमधून आणि रीसायकल बिनमधूनही उडवा. मग क्रोम काढून टाका.

सांगलीची_सून
आणि नुसता एखादा पासवर्ड बघायचा असेल तर पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम एजमध्ये उघडूनही दिसतो. क्रोम नको, आयात नको.

हिशोबनीस_ताई
पण जीएसटी पोर्टल मधूनमधून पासवर्ड बदलायला लावतं. लॅपटॉपवर बदलला की फोनवर जुनाच राहणार ना?

बाळू_बायनरी
राहणार. आयात म्हणजे एकदाच उचलून आणणं, पुढे दोन्हीकडचं आपापलं. त्यावर बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर उपाय. फुकटात भागतं, एज, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडे चालतं.

हिशोबनीस_ताई
त्यालाही खातं लागतं.

बाळू_बायनरी
लागतं.

फायरफॉक्सची_शपथ
फायरफॉक्स कोणीच कसा सुचवला नाही? मोझिलाच्या सिंकमध्ये डेटा तुमच्या पासवर्डवरून बनलेल्या किल्लीने बंद होतो, त्यांनाही वाचता येत नाही.

रात्रपाळी
त्यालाही खातं लागतं.

निपाणीकर
सगळे ब्राउझरवर भांडताय, एक महत्त्वाचं कोणी विचारलंच नाही. ताई, लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना विंडोजला कोणतं खातं दिलं?

हिशोबनीस_ताई
दुकानातल्या मुलानेच सगळं चालू करून दिलं. सेटिंगमध्ये त्याच्याच मेलचं नाव दिसतंय. पिन मात्र माझा आहे.

निपाणीकर
मग बुकमार्क राहू द्या बाजूला. विंडोज ११ होममध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद, आणि तिची रिकव्हरी की (ते कुलूप उघडायची किल्ली) त्या खात्यात जाऊन बसते. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा एखाद्या अपडेटनंतर यंत्राने ४८ आकडी की मागितली, तर ती त्या मुलाच्या खात्यात. तो दुकान सोडून गेला की तुमचे रिटर्न, बॅलन्सशीट सगळं कुलपात.

सेटिंगमध्ये गोपनीयता व सुरक्षाखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर आधी बंद करा आणि पूर्ण उलगडू द्या, वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. मग तुमचं खातं अ‍ॅडमिन म्हणून जोडा, त्यातून एकदा आत जा, दुकानाचं खातं काढा. जुन्या खात्याखाली ठेवलेल्या फाइल त्याआधी बाहेर घ्या, नाहीतर त्याही जातील. शेवटी एन्क्रिप्शन पुन्हा चालू. नवी की तुमच्या खात्यात जाईल.

टक्स_तात्या
लिनक्सवर

वऱ्हाडी_ठेचा
तात्या, बसा जी.

हिशोबनीस_ताई
निपाणीकर, तुमच्या तोंडात साखर पडो. चालूच होतं. सकाळपासून उलगडत बसलंय. म्हणजे ते चुकून निघालेलं मायक्रोसॉफ्टचं खातं आता विंडोजसाठी वापरता येईल? मी ते बंदच करणार होते. बंद करताना ३० दिवस ठेवू की ६० असं विचारत होतं, तिथेच थांबले.

निपाणीकर
तेच वापरा. पासवर्ड लिहून ठेवा आणि सुरक्षेसाठी मोबाइल नंबर जोडा.

हिशोबनीस_ताई
झालं सगळं. विंडोज माझ्या खात्यावर आलं, रिकव्हरी की छापून फाइलला लावली. एजमधून मात्र साइन आउट केलंय. बुकमार्क क्रोममधून आयात केले, पुढचे हाताने. आणि क्लायंट लोकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवणारच नाही. एक एक्सेल केलीय, नाव, पॅन, युजर आयडी, पासवर्ड. आमच्या लाइनीत सगळे तसंच करतात.

बाळू_बायनरी
एक्सेल?? एवढा धागा कशाला लिहिला मग आपण?

ब्रेव्ह_मावळा
यापेक्षा तांदळाचा डबा बरा.

पेन्शनर_पुणे३०
डोक्यात ठेवा म्हणून सांगितलं होतं.

निपाणीकर
एक्सेलच ठेवणार असाल तर "शीट प्रोटेक्ट"वर विसंबू नका, त्याने फक्त बदल अडतात. फाइल, इन्फो, "एन्क्रिप्ट विथ पासवर्ड" असं जा. आणि तो पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची सोय नाही.

हिशोबनीस_ताई
केलं. तो मात्र डोक्यात, काकांसारखा.

कोकम_सोडा
ताई, लॅपटॉप कोणता घेतला आणि किती पडला? मलाही घ्यायचाय, बजेट ३५ हजार.

सफरचंदवाला
मॅकबुक एअर बघा.