अकाउंट बंद होणार असा मेल आला, खरा की खोटा? तुमचे अनुभव सांगा

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर फळं-फुलं टांगतात ती माटोळी बांधायचं चाललेलं आणि आईच्या फोनवर मेल, २४ तासांत अकाउंट बंद होणार, लगेच व्हेरिफाय करा. आईचे हात कामात, म्हणाली तूच बघ गो. पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप केलं तर नाव गूगल आणि पत्ता भलताच. आई एकटी असती तर? म्हणून विचारतेय, तुमच्याकडे काय झालं सविस्तर लिहा.

फोंडा : माझं उलट झालं. नव्या डिव्हाइसवरून साइन-इन झाल्याचा मेल मी फ्रॉड समजून डिलीट केला, दोन दिवसांनी परत आला तेव्हा भाचा म्हणाला, मामा मेलमधलं काय दाबू नको, जीमेलमध्ये वर कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप कर, तिथून गूगल अकाउंट, मग सिक्युरिटी. बघतो तर तीच नोंद तिथे, विंडोज कॉम्प्युटर, माझा नाहीच! मग आठवलं, झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म प्रिंट करायला लॉगिन केलेलं ते तसंच राहिलं. पासवर्ड बदलला, तिथलं साइन आउट केलं, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एकदा खात्री, ते चालू केलं. मेल खरा होता आणि मी दोन दिवस फुकट घालवले याचं अजून वाईट वाटतं.

डिचोली : मला स्टोरेज भरल्याचा आलेला. फोटो, ड्राइव्ह, जीमेल मिळून १५ जीबीच फुकट असतं त्यामुळे पटकन खरं वाटलं आणि लिंक दाबली. पान हुबेहूब तसंच, पण फोन नेहमी पासवर्ड आपोआप भरतो तो भरेना. तिथेच थांबले. पत्ता नीट वाचला तर सुरुवातीला गूगल, पण https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी दुसरंच नाव, आणि खरी साइट ती शेवटच्या नावाचीच असते.

म्हापसा : पत्ता बरोबर म्हणून पण विश्वास ठेवू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये गूगलच्याच पत्त्यावरून आल्यासारखे फसवे मेल फिरत होते, पाठवणारा खरा की खोटा या मेलच्या तपासणीत पाससुद्धा होत होते. म्हणून मी मेलमधून कधीच जात नाही, ॲप स्वतः उघडते.

कळंगुट : हॉटेलात कामाला आहे. ऐन सीझनमध्ये मेलबॉक्सचा पासवर्ड एक्स्पायर होतोय असा मेल आला, नवीन पोराने पासवर्ड दिला, वर ओटीपी पण दिला. मग आमच्याच मेलवरून गेस्टना ॲडव्हान्स दुसऱ्या खात्यात भरा म्हणून मेल गेले. एका गेस्टने खात्री करायला फोन केला तेव्हा कळलं. लगेच सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला, मग सगळ्या गेस्टना एकेक करून कॉल. पोरगा रडत होता, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.