नव्या रुजू झालेल्या मॅडमसाठी समान संधी केंद्रातून नेमकं काय करता येईल?

भूगोलवाल्या मॅडम

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. नोकरीला 23 वर्षं झाली. जूनपासून प्राचार्यांनी समान संधी केंद्राचं (वंचित गटांना मदत करणाऱ्या कक्षाचं) काम माझ्याकडे दिलंय. त्यातलं विद्यार्थ्यांचं काम मला येतं. महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे) अर्ज, जातीचे दाखले, वसतिगृह, परीक्षेला लेखनिक, हे सगळं वर्षानुवर्षं करत आलेय. माझा प्रश्न शिक्षकांबद्दल आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2012 चे भेदभावविरोधी नियम विद्यार्थ्यांना समोर ठेवून केलेले आहेत. स्टाफरूममध्ये काय चालतं ते त्यात कुठंच येत नाही.

राज्यातल्या सहायक प्राध्यापकांच्या 2088 पदांच्या भरतीत आमच्याकडे अर्थशास्त्राला एक मॅडम आल्या. विमुक्त जाती (अ) च्या बिंदूवर, म्हणजे आरक्षणाच्या यादीतल्या त्या प्रवर्गाच्या जागेवर. कैकाडी समाजातल्या, घरात दहावीच्या पुढं गेलेल्या पहिल्याच. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा), मग पीएचडी. त्यांचा आणि माझा वर्ग शेजारी शेजारी असल्यामुळं भिंतीपलीकडून त्यांचं शिकवणं ऐकू येतं. मागणी-पुरवठा शिकवताना त्या आईच्या टोपल्यांचा हिशेब मांडतात. तुरीची काढणी झाली की तुराट्या फुकट मिळतात, तेव्हा बाजारात टोपल्याच टोपल्या, भाव पडतो. आणि भर पावसाळ्यात गिऱ्हाईक दारात उभं असतं तेव्हा विणायला काही नसतं. पोरं एकदम गप्प बसून ऐकतात.

आता अडचण सांगते. गेल्या महिन्यात त्या माझ्याकडे प्लास्टिकची फाईल घेऊन आल्या. कॅसची, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेची, तयारी करायची म्हणाल्या. फाईलमध्ये काय होतं? रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिराचे फोटो. शिष्यवृत्ती कक्ष सांभाळला त्याचे रोजचे टिपण, स्वतःच्या वहीत, सुवाच्य अक्षरात. जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या कार्यक्रमपत्रिका. पोरांनी मोबाईलवर पाठवलेले आभाराचे संदेश, प्रिंट काढून. मी विचारलं, "आदेश कुठंयत?" त्या म्हणाल्या, "मॅडम, आदेश कोणी दिलाच नाही. तोंडी सांगितलं होतं, तुम्हीच बघा म्हणून."

तीन वर्षं काम केलं आणि कागद एक नाही. ओरिएंटेशनची, म्हणजे कॅसला लागणाऱ्या प्रशिक्षण वर्गाची, नोंदणी सुरू झाल्याचं त्यांना कळलं तेव्हा जागा भरल्या होत्या. ती बातमी चहाच्या टेबलावर आठ दिवस फिरत होती. त्या टेबलावर त्यांना कोणी बसू नका म्हणालं नाही, पण या म्हणूनही कोणी हाक मारली नाही.

मला हे बघवत नाही, कारण माझं असंच झालं होतं. विभागात राखीव बिंदूवरची मी पहिली. ओरिएंटेशन वेळेत करायचं असतं हे कोणी सांगितलं नाही, आणि माझी वरिष्ठ श्रेणी पावणेदोन वर्षं पुढं गेली.

प्राचार्य चांगले आहेत. ते म्हणतात, केंद्रातर्फे एक व्याख्यान ठेवा, मॅडमचा सत्कार करा, नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) सातव्या निकषात फोटो लागतो. मला शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करायचा नाही. ज्यांनी अशी पहिली पाच वर्षं काढली आहेत त्यांनी सांगा, तुम्हाला तेव्हा नेमकं काय मिळायला हवं होतं?

निवृत्त ओएस

मॅडम, मी 34 वर्षं महाविद्यालयाच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आवक-जावक रजिस्टरात आहे.

पहिलं काम. मॅडमनी तीन वर्षांत जे जे केलं त्याची यादी तारखांसह करा आणि प्राचार्यांकडून 'काम केल्याचे प्रमाणपत्र' घ्या, जावक क्रमांकासह. मागच्या तारखेचा आदेश कोणी देऊ केला तरी घेऊ नका, तो पुढं त्यांच्याच अंगाशी येईल. खरं काम झालेलं आहे, वहीत नोंदी आहेत, तेवढं प्रमाणपत्राला पुरतं. इथून पुढं मात्र आदेशाशिवाय एकही काम नाही.

दुसरं, सेवापुस्तक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला सांगा. जात वैधता प्रमाणपत्राची नोंद, विद्यापीठाची मान्यता, नाव सगळीकडे एकच आहे का. लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून स्थाननिश्चितीच्या (कॅसचे कागद तपासून नवी श्रेणी ठरवण्याच्या) शिबिरातून परत आलेल्या फाईली मी माझ्या हातांनी पिशवीत भरून आणल्या आहेत. सहसंचालक कार्यालयात पुन्हा तारीख मिळेपर्यंत माणूस ताटकळतो. जुन्या घराण्यातल्या प्राध्यापकाला त्याचा काका नाहीतर सासरा हे आधीच सांगतो. यांना कोण सांगणार?

आणखी एक. 100 बिंदूंमध्ये विजा-अ ला (विमुक्त जाती-अ) 3 बिंदू. अनुसूचित जातींना 13, जमातींना 7, इतर मागास वर्गाला 19. म्हणजे तीसेक शिक्षकांच्या महाविद्यालयात विजा-अ चा माणूस एकच असणार, तोही पद भरलं गेलं तर. त्यांना आपल्यासारखं दुसरं माणूस त्या इमारतीत भेटणार नाही, हे बिंदुनामावलीतच लिहिलेलं आहे. म्हणून सोबत शोधायची तर शेजारच्या पाच-सात महाविद्यालयांत शोधा.

वाणिज्य विभाग

राग मानू नका, पण एक प्रामाणिक शंका. मी खुल्या प्रवर्गातला. मलाही पहिली सहा वर्षं रासेयो दिलं होतं, परीक्षा विभागात रात्री दहापर्यंत बसवलं होतं. नव्या माणसाला राबवतात ही सगळीकडची रीत आहे. ओरिएंटेशनचं मलाही कोणी घरी येऊन सांगितलं नाही. मग याला प्रवर्गाशी का जोडायचं? अशानं त्या मॅडम उलट वेगळ्या पडतील असं मला वाटतं.

भूगोलवाल्या मॅडम

सर, राग नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मी काल कार्यालयात बसून तीन वर्षांच्या समिती वाटपाचं रजिस्टर काढलं. आम्ही 31 जण. त्याच भरतीत चौघं आले. बाकीच्या तिघांनाही पहिल्या वर्षी रासेयो, क्रीडा, परीक्षा अशी कामं होती, तुमचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर आहे. पण दुसऱ्या वर्षी त्या तिघांपैकी एकजण आयक्यूएसीमध्ये (अंतर्गत गुणवत्ता कक्षात) गेला, एकजण संशोधन समितीत, एकजण एका ज्येष्ठ सरांच्या प्रकल्पात सहसंशोधक. मॅडमकडची कामं तिन्ही वर्षं तीच. शिष्यवृत्ती कक्ष त्यांच्याकडेच का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या पोरांचं त्यांनाच बरं कळतं." हे बोलणारे वाईट माणूस नाहीत. पण या एका वाक्यामुळं एका माणसाची वर्षं जातात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे कॅसमधून पुढं प्राध्यापकपदाला 10 शोधनिबंध आणि 110 संशोधन गुण लागतात. ते जयंतीच्या सूत्रसंचालनातून येत नाहीत.

वेगळ्या पडतील, ही तुमची भीती मात्र मी मनात ठेवते. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

वाणिज्य विभाग

रजिस्टर काढून बघितलंत हे पटलं. आमच्याकडचंही बघतो.

पांढरी काठी

मॅडम, मी इतिहास शिकवतो. जन्मतः दृष्टिहीन आहे. माझा अनुभव तुमच्या मॅडमपेक्षा वेगळा, पण अडतं त्याच ठिकाणी, माहिती पोचण्यापाशी.

आमच्याकडे सूचना ग्रुपवर पीडीएफ करून येतात. कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ असेल तर माझा एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) गप्प बसतो, त्याच्या लेखी ते पान कोरं असतं. वर्डची फाईल आली तर कधी कृतिदेव फाँटमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेल्या फाँटमध्ये, टाइप केलेली असते. मग 'मराठी' या शब्दाचं तो 'ई जे के बी एच' वाचतो. अख्खं परिपत्रक असं. रुजू झालो त्या वर्षी मी अशी आठ-दहा पानं कानानं ऐकून, कुठलं अक्षर कुठल्या कळीवर आहे ते आठवत समजून घेत होतो. एका परिपत्रकाला दोन तास. कोणाला विचारायचं तर "सर, तुम्हाला वाचून दाखवतो, संध्याकाळी या," असं प्रेमानं सांगायचे. संध्याकाळपर्यंत अर्जाची वेळ गेलेली असायची.

शेवटी मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेऊन लेखी पत्र दिलं. कलम 20 मध्ये योग्य सोयी देण्याचं बंधन आहे, कलम 21 मध्ये समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलंय, कलम 23 मध्ये तक्रार निवारण अधिकारी नेमायला. शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात. माझी मागणी एका ओळीची होती: प्रत्येक सूचना युनिकोडमध्ये (ते एनव्हीडीएला वाचता येतं) टाइप करून, त्याच दिवशी, ईमेलनं. लिपिक भाऊंनी दोन आठवड्यांत सवय लावून घेतली. त्याचा फायदा फक्त मला झाला नाही. सगळ्यांनाच जुन्या सूचना शोधता यायला लागल्या.

म्हणून सुचवतो. मॅडमसाठी खास काही करू नका, त्यांच्या नावानं काहीच करू नका. सगळ्या 31 जणांना एकच पत्रक एकाच दिवशी जाऊ द्या: कोणता कोर्स, नोंदणी कधी, कोणाचं ओरिएंटेशन बाकी आहे, कोणाची कॅसची तारीख कधी येते. वाणिज्यच्या सरांची शंकाही त्यात मिटते.

नऊ महिने

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण मला बोलावंसं वाटतंय. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर (तासांप्रमाणे मानधनावर) मराठी शिकवतेय. नेट आहे, पीएचडी आहे. ज्या समाजांबद्दल तुम्ही बोलताय त्यातलीच मी. तुमच्या मॅडमना निदान सेवापुस्तक आहे. मला दर जूनमध्ये नवी मुलाखत असते, कधी ऑगस्ट उजाडतो. गेल्या वर्षी स्टाफच्या ग्रुपवरून मला काढलं, 'सत्र संपलं' म्हणून. पेपर तपासणीला मात्र फोन आला.

भरती माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही, ते मी मागत नाही. पण समान संधी केंद्र म्हणताना आमची मोजदाद होते का? मला काय हवं होतं ते सांगते. उन्हाळ्यात ग्रंथालयाचं कार्ड चालू हवं होतं, माझा शोधनिबंध मे महिन्यात लिहून होतो, तेव्हाच कार्ड बंद. अनुभव प्रमाणपत्र दर वर्षी सत्राच्या शेवटी हातात हवं होतं. मी 2016-17 चं प्रमाणपत्र मागायला 2022 मध्ये गेले तर तेव्हाचे प्राचार्य निवृत्त झालेले, रजिस्टर माळ्यावर. आणि बसायला एक खुर्ची. खरंच खुर्ची. दोन तासांच्या मध्ये मी जिन्यात उभी राहून टाचण काढलंय.

भूगोलवाल्या मॅडम

ताई, तुमचं वाचून मी रात्री झोपले नाही. आमच्याकडे तासिका तत्त्वावर सातजण आहेत. माझ्या यादीत त्यांची नावंच नव्हती. चूक माझी आहे.

काय काय झालं ते कळवते. ओएस साहेब, मॅडमचं प्रमाणपत्र सोमवारी मिळालं, जावक क्रमांकासह. वहीतल्या नोंदी प्राचार्यांनी स्वतः पानन् पान बघितल्या आणि म्हणाले, "एवढं काम मला माहीतच नव्हतं." सेवापुस्तकही बघितलं. तुम्ही म्हणालात तेच निघालं, वैधतेच्या नोंदीत वडिलांचं नाव एका अक्षरानं चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय.

समित्यांचं वाटप पुढच्या वर्षापासून दर दोन वर्षांनी फिरतं ठेवायचं आणि लेखीच द्यायचं, असा ठराव मी महाविद्यालय विकास समितीपुढं मांडतेय. शिष्यवृत्ती कक्ष यंदा माझ्याकडे घेतलाय. मॅडमचा एक निबंध अर्धवट पडून होता, आठवडी बाजारातल्या विणकामावरचा, तो त्या दिवाळीत पुरा करणार आहेत. आजूबाजूच्या सहा महाविद्यालयांतून अशा एकेकट्या पडलेल्या नऊजणांची नावं मिळाली. पुढच्या रविवारी माझ्या घरी जेवायला बोलावलंय. फाईली घेऊन या म्हटलंय.

तासिकेवरच्या सातजणांची ग्रंथालयाची कार्डं मे-जूनमध्ये चालू ठेवायला ग्रंथपाल तयार झाले आहेत, प्राचार्यांची सही बाकी आहे. खुर्च्यांचं कळलं तेव्हा शिपाई मामांनीच विचारलं, "किती लागतात?" सात सांगितल्या. प्रयोगशाळेच्या मागं पडलेल्या पाच निघाल्या, दोन विकत घेतोय.

पांढरी काठी सर, पत्रकाचा पहिला मसुदा मी युनिकोडमध्ये टाइप केलाय. त्यात तारखांचा तक्ता आहे. तुमच्या एनव्हीडीएला तक्ता नीट वाचता येतो का, की सरळ ओळीत लिहू?

पांढरी काठी

तक्ता चालतो मॅडम. फक्त दोन घरं एकत्र जोडू नका आणि पहिल्या ओळीत शीर्षकं ठेवा. मसुदा पाठवा, आजच वाचून सांगतो.