मदत हवी आहे: क्लबचा करार सोडून सैन्यात जायचंय (नाशिक)

मिडफिल्ड८: फुटबॉलच्या आय-लीग क्लबशी करार मेअखेरपर्यंत आहे, पण जायचंय सैन्यातच. खेळाडू म्हणून थेट घेतात का? कागदपत्रं कोणती? लवकर सांगा, क्लबला कळवायचंय.

देवळालीकर: वय? शिक्षण? शिपाई की अधिकारी?

गोदाकाठ: पोलीस भरती बघ. खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलंस तर पूर्ण २० गुण.

मिडफिल्ड८: पोलीस नको. वय २३, बी.कॉम.

देवळालीकर: म्हणजे अग्निवीरचं वय गेलं. खेळाडू कोट्यातून थेट हवालदार २५ पर्यंत होता येतं. तिथे क्लबचा करार दाखवून उपयोग नाही, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, तेही दोन वर्षांच्या आतलं. फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे संतोष ट्रॉफी, खेळलायस?

एसएसबी_नाशिकरोड: पदवी हातात असताना हवालदार कशाला? सीडीएस (सैन्यात अधिकारी होण्याची लेखी परीक्षा) देऊन ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमीला) जा. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच पेपर, गणित नाही. लेखी निघाली की नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची (अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतीची) तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून घेतात.

देवळालीकर: आणि फुटबॉल? सेनादलाने २०२४ ला गोव्याला १-० हरवून संतोष ट्रॉफी जिंकली. त्या संघाचा रस्ता खेळाडू कोट्यातून जातो.

एसएसबी_नाशिकरोड: पुढे खेळायचंय असं तो कुठे म्हणाला?

फिजिओ_गंगापूररोड: तुमचं चालू द्या, पण गुडघ्याचं कुणीच विचारलं नाही. फुटबॉलवाले मेडिकलला अडकतात ते तिथेच. एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन्ही वाटा बंद. टॅटू फक्त कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. घट्ट बुटांमुळे अंगठ्याचं नख मांसात रुतलं असेल तर आधी उपचार करून घे.

मिडफिल्ड८: एसीएल नाही. मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या कूर्चेचं) दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. टॅटू पोटरीवर आहे. संतोष ट्रॉफी नाही खेळलो.

देवळालीकर: मग हवालदाराचं विसर.

फिजिओ_गंगापूररोड: अरे, हे पहिल्याच ओळीत लिहायचं! मेनिस्कसवरही अपात्र ठरवतात. ऑपरेशनचे कागद आणि नवा एमआरआय घेऊन सैन्यातून निवृत्त झालेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला गाठ. मेडिकल बोर्डापुढे लपवू नकोस, दुर्बिणीच्या खुणा गुडघ्यावर दिसतातच.

एसएसबी_नाशिकरोड: क्लबला एवढ्यात काही कळवू नकोस. सीडीएसचा अर्ज करारात असतानाही भरता येतो. परीक्षा वर्षातून दोनदा असते, वय २५ च्या आत हवं. करार मे महिन्यात आपोआप संपतोय, तो आधी तोडून हातातले पैसे का घालवायचे?