शब्दचर्चा: जर्मनांचे 'इन्फॉर्मेशन्स'

स्टुटगार्टकर: ऑफिसातले जर्मन सहकारी इंग्रजी झकास बोलतात, पण मेलमध्ये 'इन्फॉर्मेशन्स', 'अ‍ॅडव्हायसेस', 'होमवर्क्स' हमखास सापडतात. काल एकाने थेट विचारलं, "माहिती मोजता का येत नाही?" काय सांगावं त्याला?

मोरपीस: मोजता येणं वस्तूवर नाही, शब्दावर ठरतं, हे आधी सांगा. चार खुर्च्या आणि एक टेबल कोणीही मोजेल, तरी इंग्रजीत 'फर्निचर्स' होत नाही. जर्मनमध्ये तेच 'म्योबेल' सर्रास अनेकवचनी. 'इन्फॉर्मात्सिओनेन' आणि 'हाउसआउफगाबेन' (गृहपाठ) यांचंही तसंच. डोक्यातलं अनेकवचन उचलून इंग्रजी शब्दाला 'एस' लावला की झालं काम. 'जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल' ही शाळेतली व्याख्या इथे निव्वळ दिशाभूल करते.

उंटावरचा: मुळात ही कल्पना जर्मनांना नवी नाहीच. पैसा म्हटलं की 'फील गेल्ड', माणसं म्हटली की 'फीले लॉयटे'. मच आणि मेनीचा फरक त्यांच्या घरचाच आहे. आपलं 'खूप' बिचारं दोन्हीकडे राबतं!

शिकवताना 'गेपेक', म्हणजे सामान, या शब्दापासून सुरुवात करा. त्याचं अनेकवचन जर्मनही करत नाहीत. मोजायचंच झालं तर 'गेपेकश्ट्युक' म्हणतात. दागिन्यांना 'श्मुक', त्यातला एक 'श्मुकश्ट्युक'. आपण 'सामानाचे तीन डाग' किंवा 'सोन्याचा डाग' म्हणतो, तोच प्रकार. इंग्रजीतलं 'अ पीस ऑफ' हेच काम करतं: पीस ऑफ लगेज, पीस ऑफ फर्निचर, पीस ऑफ इन्फॉर्मेशन. सल्ल्याचं तर आयतंच जुळतं. सल्ला या अर्थी 'राट'ला अनेकवचन नाही, मोजायला 'राटश्लाग' घ्यावा लागतो. 'राट' म्हणजे अ‍ॅडव्हाइस, 'राटश्लाग' म्हणजे पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस. एवढं पटलं की बाकीची यादी पाठ करायची, दुसरा इलाज नाही.

मोरपीस: डाग आवडला! उलट दिशेचे घोटाळेही सांगून ठेवा. जर्मन 'पोलित्साय' एकवचनी, इंग्रजीत मात्र 'द पोलीस आर'. बातम्या तिकडे 'नाखरिष्टेन', अनेकवचनी, म्हणून 'द न्यूज आर' लिहितात, हवं 'इज'. केस 'हारे', म्हणून 'हर हेअर्स आर लाँग'. भाजीपाला 'गेम्युजे' एकवचनी, इंग्रजीत 'व्हेजिटेबल्स'. चष्मा, कात्री, पँट त्यांच्याकडे एकेकच: ब्रिले, शेरे, होजे. इंग्रजीत तिन्ही अनेकवचनी. यातल्या बऱ्याच चुका मराठी माणूसही करतो, कारण आपलाही चष्मा एकच आणि केस पुष्कळ.

स्टुटगार्टकर: 'गेपेक'ची युक्ती उद्याच वापरतो. पण मग बीअर? तो सहकारी म्हणतो, बीअर द्रव आहे, तर 'टू बीअर्स' कसं चालतं?

उंटावरचा: तिथे बीअर नाही, ग्लास मोजला जातो. बारमध्ये जर्मन माणूस 'त्स्वाय बीअर' मागतो, शब्द एकवचनीच ठेवून. आपणही 'दोन चहा' म्हणतो. इंग्रज मात्र नेमका इथे 'एस' लावतो: टू बीअर्स, थ्री कॉफीज. म्हणजे माहितीला 'एस' लावणाऱ्या जर्मनाला बीअरचा 'एस' मात्र आठवणीने लावावा लागतो.

स्टुटगार्टकर: हे त्याला शुक्रवारी संध्याकाळीच समजावतो, उदाहरणासकट.