अनुभव धागा: २३ जून २०१६ ला तुम्ही काय केलंत?

थेम्सकाठ

मंडळी, बघता बघता त्या मतदानाला दहा वर्षं होत आली. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, तेच ते ब्रेक्झिटचं मतदान. इंग्रज लोकांना काय वाटलं ते आपण सगळ्यांनी भरपूर ऐकलंय, पण आपली एवढी माणसं इथे होती, त्यांच्या घरात काय बोलणं झालं, ते एका जागी कुठेच वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा.

भारतातल्या बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं की आपल्याला मत होतं. कॉमनवेल्थ देशाचा माणूस इथे कायदेशीर राहत असेल आणि मतदार यादीत नाव असेल तर त्याला मत, मग पासपोर्ट भारतीय का असेना. आणि फ्रान्स, पोलंड, पोर्तुगालची माणसं वीस वर्षं इथे टॅक्स भरत असली तरी त्यांना मत नाही. मी येऊन तीन वर्षं झालेली, वर्क व्हिसावर होतो, आणि माझ्या हातात मतपत्रिका. गुरुवार होता, लंडनमध्ये असा पाऊस कोसळत होता की गाड्यांचं वेळापत्रक पार कोलमडलेलं, मी भिजत भिजत चर्चच्या हॉलमध्ये पोचलो तर आत दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कागदावर दोनच चौकोन, बोटाला शाई वगैरे काही नाही. मी 'राहा'वर फुली मारली, कारण आमच्या कंपनीची निम्मी गिऱ्हाइकं जर्मनीतली होती, खरंच एवढाच विचार केला होता. सकाळी उठून बघतो तर ५२-४८, बाहेर, आणि थोड्या वेळात पंतप्रधान कॅमेरॉन घराबाहेर येऊन राजीनाम्याचं बोलतोय.

तर लिहा, काय केलंत, का केलंत, आज काय वाटतं. 'बाहेर'ला दिलेल्यांनीही मोकळेपणी लिहा, त्यांच्यावर कुणी तुटून पडणार नाही हे मी बघतो.

सांगलीकर

मग मीच सुरुवात करतो. मी बाहेर पडायला मत दिलं. बर्मिंगहॅम.

कारण एकच, आई. बाबा २०१३ ला गेले, आई सांगलीत एकटी, मी एकुलता एक. तिला इथे आणायला वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं की २०१२ च्या जुलैत नियम बदललाय, आता म्हातारे आईवडील आणायचे तर दाखवावं लागतं की त्यांना रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते आणि तशी मदत भारतात पैसे देऊनसुद्धा मिळू शकत नाही. म्हणजे मी चांगला कमावतो, बाई ठेवू शकतो, म्हणूनच आई येऊ शकत नाही! वकील सरळ म्हणाला, फी भरू नका, वाया जाईल. आणि त्याच महिन्यात आमच्या समोरच्या घरातल्या स्पॅनिश मुलाची आई आली, दोन बॅगा घेऊन, राहायलाच आली, तो तिला आधार देत दारातून आत घेऊन जात होता ते मी किचनच्या खिडकीतून बघितलं. त्या बाईंशी माझं काही वाकडं नव्हतं, फार गोड बाई, पण त्या दिवसापासून मला युरोप म्हटलं की ती दारातली बॅगच आठवायची.

प्रचारात तेव्हा सांगत होते की युरोपची मोकळी ये-जा थांबली की कॉमनवेल्थच्या लोकांना न्याय मिळेल, तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल तर म्हणत होत्या की करी रेस्टॉरंटना आपल्याकडचे शेफ आणता येतील. मी त्यावर विश्वास ठेवला. बर्मिंगहॅममध्ये 'बाहेर' चार हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकलं, त्यातलं एक माझं आहे आणि ते मी नाकारत नाही.

आर्थरसीट

एडिनबरो. आमच्याकडे ७४ टक्के लोकांनी राहायला दिलं, अख्ख्या स्कॉटलंडने ६२ टक्के. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी बोलत नव्हतं. माझी टीम लीड स्कॉटिश, २०१४ च्या मतदानात ती स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या विरोधात होती कारण तेव्हा सांगितलेलं की वेगळे झालात तर युरोपातून बाहेर पडाल. त्या शुक्रवारी ती म्हणाली मला फसवलं, आणि त्या दिवसापासून तिचं मत बदललं ते बदललंच. बाकी सविस्तर जमेल तेव्हा लिहीन.

पेडण्याचा

माझी गोष्ट उलटी आहे. मी गोव्याचा, आणि मला मत नव्हतं, कारण माझा पासपोर्ट पोर्तुगीज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने त्यांचा नागरिक धरता येतो आणि त्याच्या मुलानातवंडांनाही तो हक्क पोचतो. आधी आजोबांचा जन्म लिस्बनला रजिस्टर करायचा, मग बाबांचा, मग आपला. आमची कागदं जमवता जमवता साडेतीन वर्षं गेली, जुन्या दाखल्यावर आजोबांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. मग पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला आणि भारताचा परत करावा लागला, तो काउंटरवर ठेवताना पोटात कालवलं होतं. लिस्बन मी आजतागायत पाहिलेलं नाही. सरळ इंग्लंडमधलं स्विंडन, कारण तिथे आमच्या वाड्यावरचे चौघे आधीच होते, आता तर स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की बाजारात कोंकणी ऐकू येते.

वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी, एका घरात सहाजण. शेजारच्या खोलीत नागपूरचा मुलगा, भारतीय पासपोर्ट, येऊन आठ महिने झालेले. त्याच्या नावाचं पोलिंग कार्ड आलं. माझं नाही, मी चार वर्षं तिथे. आदल्या रात्री तो माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, दादा, मला याचं काही पडलेलं नाही, तुमचं आयुष्य अडकलंय यात, तुम्ही सांगा कुठे फुली मारू. मी सांगितलं. तो सकाळी सातला जाऊन मारून आला आणि मला कार्ड दाखवून म्हणाला, तुमचं मत झालं. तो कुठेही असला तरी मी हे विसरणार नाही. स्विंडनमध्ये तरीही ५४ टक्क्यांहून जास्त 'बाहेर'च झालं.

पुढे सेटल्ड स्टेटसचं, म्हणजे आम्हा युरोपियन पासपोर्टवाल्यांना इथे राहता यावं म्हणूनच्या परवानगीचं, अर्जप्रकरण. ॲप आलं ते सुरुवातीला आयफोनवर चालायचंच नाही, फक्त अँड्रॉइड, मग एका फोनवर आम्ही रांगेने बसलो, पासपोर्टची चिप फोनच्या पाठीला लावून धरायची, जरा हललं की परत पहिल्यापासून. एक काका साठीचे, हात थरथरायचे, त्यांचा पासपोर्ट आम्ही दोघांनी टेबलावर दाबून धरला तेव्हा कुठे वाचला गेला. आणि एवढं करून हातात कार्ड नाहीच, एक ईमेल. काका विचारत होते, पोलिसाने विचारलं तर मी काय दाखवू. मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

माझ्या चुलतभावाचा पासपोर्ट आला फेब्रुवारी २०२१ ला. मोकळी ये-जा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. दीड महिना.

अळूचीवडी

मी लंडनच्या हॅरोला. आंब्यावरून कुणी मत देतं का, असं वाटेल पण आमच्या भिशीत हा विषय निघाला होता. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारताचा आंबा बंद केला, मालात फळमाशी सापडली म्हणून, आणि आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया! नैवेद्याला हापूस नाही, मी डब्यातल्या पल्पचा आमरस केला आणि सासूबाईंनी एक चमचा घेऊन वाटी बाजूला सरकवली, बोलल्या काही नाहीत. आंबा पुढच्या जानेवारीत उघडला पण अळू, पडवळ मतदानाच्या वेळीसुद्धा बंदच होतं. तेव्हा बायका म्हणायच्या, इंग्लंडमध्ये कुठे हापूसची बाग आहे की माशी येऊन नुकसान करेल, ब्रुसेल्सला बसून स्पेनच्या बागांसाठी ठरवतात आणि आमचा सण जातो. मला तेव्हा ते पटायचं. तरी मी राहायलाच दिलं, कारण माझी मुलगी तेव्हा नेदरलँड्समध्ये शिकायला निघाली होती. मिस्टरांनी बाहेरला दिलं. एकाच गाडीतून गेलो, गाडीत बोललो नाही.

आता विचार करते तर तपासणी कडक झाल्यामुळेच आंबा नीट प्रक्रिया होऊन येतो, पेटीत सडका निघत नाही, हेही खरं आहे.

वेअरकाठचा चिंचवडकर

संडरलँड. त्या रात्री मध्यरात्र उलटल्या उलटल्या पहिल्या निकालांत आमचंच नाव टीव्हीवर आलं, ६१ टक्के बाहेर, आणि पौंड तिथूनच घसरायला लागला. सगळं जग विचारत होतं की ज्या गावात निसानचा एवढा कारखाना आहे, गाड्या युरोपला जातात, त्या गावाने असं कसं केलं.

मी तिथेच पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्याकडे युरोपातून येणारा माल गोडाऊनला पडून राहत नाही, ट्रक आला की काही तासांत लाइनवर, त्यामुळे बंदरावर ट्रक अडकला तर लाइन थांबणार हे मला आकड्यासकट माहीत होतं. मी ते शेजारच्या मशीनवरच्या फोरमनला कागदावर काढून दाखवलं. साठीला आलेला माणूस, मला काम त्याने शिकवलेलं. त्याने नीट ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला गाडीत घालून नदीवर घेऊन गेला. इथे जहाजं बांधायचे, १९८८ ला शेवटची गोदी बंद. तिकडे फुटबॉलचं स्टेडियम आहे ना, त्याच्या खाली कोळशाची खाण होती, ती १९९३ ला बंद. त्याचे वडील खाणीत, तो स्वतः गोदीत उमेदवारी करत होता. तो म्हणाला, तेव्हा आम्हाला कुणी कागद काढून दाखवला नव्हता.

माझे वडील लालबागला गिरणीत होते हो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा माग परत कधी चालू झालाच नाही. पुढे आम्ही चिंचवडला काकांकडे आलो. वडील मुंबईला गेले की गिरणीची चिमणी दिसेल अशा ठिकाणी बसमधून उतरायचेच नाहीत. मला त्या माणसापुढे माझा कागद पुढे करायचा धीर झाला नाही. मी राहायला दिलं, त्याने बाहेरला, आणि मला आजही वाटतं की माझा हिशोब बरोबर होता पण त्याचं दुःखही खरं होतं. निसान गेली नाही, गाड्या निघतायत. गोदी काही परत आली नाही.

विदर्भकन्या

मला मत नव्हतं, मी तेव्हा नागपुरात, सप्टेंबर २०१६ ला लीड्सला यायचं होतं. बाबांनी लोन काढताना पौंड शंभर रुपयांच्या आसपास धरलेला, फीचा शेवटचा हप्ता भरताना तो पंच्याऐंशीच्याही खाली होता. वाईट वाटतं सांगायला, लोक इथे रडत होते आणि आमच्या घरी पेढे आणले. माझ्या वेळी शिक्षणानंतर राहायला मिळत नव्हतं, २०१२ ला बंद केलेलं. २०२१ ला दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा आला, धाकट्या बहिणीला तो मिळाला. त्यामुळे मी ब्रेक्झिटला शिव्या देऊ शकत नाही.

पंचगंगा

कोल्हापूरकर आहे म्हणून हे लिहिणं माझं कामच आहे.

लंडनमध्ये ईलिंगला आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलिश आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. पहिल्यांदा भेटलो तेव्हा कुठचा म्हणून विचारलं, मी म्हटलं तुम्हाला माहीत नसेल, कोल्हापूर. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वळिवडे". दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून इराणमार्गे आलेले पाचेक हजार पोलिश लोक, बहुतेक बाया आणि पोरं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते, १९४३ ते ४८. आजी तिथे शाळेत होत्या. 'एक, दोन, तीन' दहापर्यंत म्हणून दाखवायच्या, 'पाणी' म्हणायच्या.

मतदानानंतरच्या रविवारी हॅमरस्मिथच्या पोलिश सेंटरच्या दारावर कुणीतरी घाण शब्द रंगवून ठेवले. आजींनी बातमीत बघितलं आणि मला म्हणाल्या मला तिथे ने. सोमवारी गेलो. शब्द पुसून झाले होते, आत फुलांचे गुच्छ आणि इंग्रज शेजाऱ्यांनी लिहिलेली कार्डं. आजींनी चष्मा लावून एकेक कार्ड वाचलं, सगळी, तासभर लागला असेल, मी मागे उभा. येताना बसमध्ये फक्त एवढंच विचारलं की त्यांच्या पुतण्याला, जो प्लंबर होता, त्याला जावं लागेल का. मी नाही म्हटलं. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

थेम्सकाठ

सगळ्यांचे आभार, पंचगंगा तुमचं वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. आता इथल्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोक म्हणतात की बाहेर पडणं चुकलं. सांगलीकर, रागावू नका पण विचारतो, परत मतदान झालं तर? आणि आईंचं पुढे काय झालं?

सांगलीकर

रागवायचं काय त्यात. नियम होता तिथेच आहे, फारसं काही बदललं नाही. झालं एवढंच की आता युरोपातून नव्याने येणाऱ्यालाही आई अशी सहज आणता येत नाही, आणि मला ते बघून बरं वाटायला हवं होतं तर तसं अजिबात वाटलं नाही. समोरचा स्पॅनिश मुलगा आधीच आलेला म्हणून त्याची आई राहिली, मागच्या वर्षी गेल्या, मी खांदा दिला. परत मतदान झालं तर राहायला देईन.

आई व्हिजिटर व्हिसावर यायची, सहा महिने, मग परत. आता प्रवास झेपत नाही. डिसेंबरात मिरजेला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मी दोन महिन्यांची रजा टाकलीये, बिनपगारी.