सीआयओला मराठीत काय म्हणायचं? 'माहिती अधिकारी' चालत नाहीये

कागदफाटे
मंडळी, अडलेय. एका व्याख्यानाच्या पत्रिकेसाठी पाहुण्यांचा परिचय मराठीत हवाय. गृहस्थ अमेरिकेचे. नव्वदच्या दशकात तिकडच्या कस्टम खात्यात प्रोग्रामर म्हणून लागले, मार्च 2003 मध्ये कस्टम, इमिग्रेशन तपासणी नि बॉर्डर पेट्रोल असं सगळं एका छपराखाली आणलं तेव्हा नव्या खात्यात गेले आणि डेप्युटी सीआयओ म्हणून रिटायर झाले. सीआयओ म्हणजे चीफ इन्फर्मेशन ऑफिसर, खात्याच्या सगळ्या कॉम्प्युटर कारभाराचा प्रमुख. मी आपलं 'उपमुख्य माहिती अधिकारी' लिहून पाठवलं, तर संयोजकांकडचे एक काका फोनवर म्हणतात, मग यांच्याकडे आरटीआयचा अर्ज टाकता येईल का? ते चेष्टा करत नव्हते हो. दुसरं काही सुचतंय का? शनिवारी छापायला जाणार.

चौथी_सीट
काकांचं बरोबर आहे. 'माहिती अधिकारी' म्हटलं की आधी जिल्हा माहिती अधिकारी, पत्रकारांना सरकारी बातम्या देणारे. मग 2005 च्या कायद्याने जन माहिती अधिकारी आले. बाकावर ऑलरेडी दोघं पसरून बसलेत, तुमचा सीआयओ अर्ध्या बुडावर टेकणार कुठे? मुख्य तंत्रज्ञान अधिकारी करा.

कागदफाटे
तो सीटीओ झाला ना. आणि तिकडे सीआयओ हे नुसतं मिरवायचं पद नाही, 1996 च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने मोठमोठ्या सरकारी खात्यांना ते नेमायलाच लावलं. म्हणजे नाव नेमकं पाहिजे.

शुद्धमती
'तंत्रप्रमुख' म्हणा. सुटसुटीत आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते, आज कोण हसतं? आपण वापरायचंच नाही आणि मग मराठीत शब्द नाही म्हणून गळे काढायचे.

चौथी_सीट
ताई, दूरध्वनी पण त्यांचाच. पत्रिकेवर 'दूरध्वनी' छापतो आणि 'फोन कर रे' म्हणतो. जे रुळायचे ते रुळले, बाकीचे पत्रिकेवर राहिले.

डॉकवाला
मी 1981 ला बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, चिकटलो, कस्टम हाऊसच्या पायऱ्या दिवसातून दहादा चढायचो, तेव्हा बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा कागद, टाइप करायची म्हणजे मधे कार्बन घालून, आणि शेवटच्या कॉपीवर अक्षर उमटत नाही म्हणून बटणं हातोडी मारल्यासारखी मारायची, बोटं संध्याकाळी सुजायची. सीमाशुल्क हा शब्द आम्ही फक्त बोर्डावर वाचला. बोलताना कस्टम नि ड्यूटी. माझी आई मात्र शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, पोरगा जकातीच्या हापिसात आहे, आणि त्यांना वाटायचं मी मुलुंडच्या नाक्यावर ट्रक थांबवतो. आणि क्लिअरन्सला तुम्ही लोक मंजुरी बिंजुरी लिहिता ते चूक. माल 'सुटतो'. सहार विमानतळावर पण बॅगेवर खडूची फुली पडली की माणूस सुटला.

शुद्धमती
काका, जकात मूळचा अरबीच, तीच ती दानधर्माची. आणि मुंबईतली जकात 1 जुलै 2017 ला जीएसटीने संपवली, आता नुसती नाक्यांची नावं उरलीत. सीमाशुल्कच बरोबर.

डॉकवाला
जकात गेली तरी नाका गेला नाही ना. भाषा अशीच असते.

कागदफाटे
कृपया सीआयओ!! आणि अजून एक. 'लेगसी सिस्टीम'ला, म्हणजे जुनी झाली तरी अजून वापरात असलेल्या कॉम्प्युटर यंत्रणेला, एका कोशात 'वारसा प्रणाली' सापडलं. हे साहेब ज्या खात्यात होते तिथे प्रवाशांची नावं ज्यात तपासतात ती टेक्स नावाची सिस्टीम 1980 च्या दशकापासून मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, होती, ती बदलता बदलता वर्षं गेली. त्याला वारसा म्हणू?

नाखवा_७७
वारसा म्हटलं की वाटेल युनेस्कोने पाटी लावली. 'वडिलोपार्जित सिस्टीम' म्हणा, विकता येत नाही, पाडता येत नाही आणि भावाभावांत भांडण :)

डॉकवाला
'चालत आलेली' म्हणा की. चालत आलेली पद्धत.

चौथी_सीट
पटलं. बरं, परिचयात बॉर्डरला काय लिहिलंय?

कागदफाटे
सीमा सुरक्षा.

चौथी_सीट
मग हॉलमधले निम्मे लोक बेळगावच्या तयारीने येतील. सीमाप्रश्न, सीमाभाग, आपल्याकडे सीमा एकच. 'सरहद्द' म्हणा. खान अब्दुल गफारखान सरहद्द गांधीच होते, सीमा गांधी नव्हे.

शुद्धमती
परत फारसी. दलाचं अधिकृत मराठी नावच सीमा सुरक्षा दल आहे. आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करता की सरहद्दोल्लंघन?

नाखवा_७७
तुम्ही दोघं रोज सेंट्रलने जाता आणि अस्सल मराठी शब्द स्टेशनावर लिहिलेला दिसत नाही? शीव. सीमा वरूनच आलाय, गावाची शीव. इंग्रजांची मुंबई तिथे संपायची, पलीकडे साष्टी बेट, म्हणजे आजची उपनगरं, पोर्तुगीजांकडे. शीवचा किल्ला काय उगाच बांधला? टेकडीवरून खाली पाणी दिसेल अशा जागी. पुढे 1737 ला साष्टी मराठ्यांकडे आली, मग इंग्रज तिथूनच आपल्याकडे डोळे लावून बसले असणार. म्हणजे बॉर्डर सिक्युरिटीला पहिला मराठी शब्द 'शिवेवरचा पहारा'.

वांद्रेकर_जुना
शीव की सायन? आमच्याकडे सांगायचे, पाद्र्यांनी टेकडीला जेरुसलेमच्या झायन पर्वताचं नाव दिलं, त्यावरून सायन.

नाखवा_७७
पाद्री यायच्या आधी टेकडी बेवारस होती का? तुमची गोष्ट गोड आहे, पण माझ्या आजोळी आजही 'शिवेवरचा म्हसोबा' म्हणतात, त्याला पाद्र्यांनी नाव नाही दिलं.

वांद्रेकर_जुना
लोक म्हणतात सायन. रिक्षावाल्याला शीव सांगून बघा.

नाखवा_७७
मुंबई शहरात रिक्षाच नाही, उपनगराच्या हद्दीपाशीच थांबते. तीही शीवच झाली एक.

चौथी_सीट
मूळ मजकुरात 'व्हर्च्युअल फेन्स' आहे का हो? मी एकदा बातमीत 'आभासी कुंपण' केलं होतं. आभासी म्हणजे दिसतं पण नसतं. आणि अमेरिकेत तसंच झालं, 2006 ला बोइंगला काम दिलं, ॲरिझोनात मनोरे, रडार, कॅमेरे, आणि जानेवारी 2011 ला गुंडाळलं तेव्हा सुमारे 1 अब्ज डॉलर खर्चून 53 मैल झाले होते. भाषांतर चुकलं पण भविष्य बरोबर निघालं.

कागदफाटे
आहे, त्याच प्रकल्पाचा उल्लेख आहे, पण पाहुण्यांच्या परिचयात 'आभासी' लिहिलं तर मला घरी पाठवतील.

शुद्धमती
अदृश्य कुंपण. आसामात धुब्रीला ब्रह्मपुत्रेच्या 61 किलोमीटरच्या पट्ट्यात 2019 ला सेन्सर नि कॅमेरे लावले, कारण नदीत नि वाळूच्या बेटांवर तारेचं कुंपण टिकणार कसं. तिथे अदृश्यच बसतं.

डॉकवाला
कुंपण दिसो न दिसो, शेत कोण खातं ते बघा. डॉकमध्ये तीस वर्षं काढलीत, जास्त बोलायला लावू नका.

चौथी_सीट
आणि सर्व्हेलन्सला पाळत लिहू नका, पाळत माणसावर ठेवतात, मुलूख न्याहाळायचा तर टेहळणी. शिवाय परिचयाला 'कारकीर्द' असं शीर्षक दिलं असेल तर काढा. कारकीर्द पेशव्यांची असते. प्रोग्रामरची नोकरी असते.

डॉकवाला
का बरं? माझी पण कारकीर्दच होती.

कागदफाटे
पत्रिका छापून आली. शेवटी 'डेप्युटी सीआयओ' असंच ठेवलं होतं, प्रुफात कुणीतरी ते 'डेप्युटी सीईओ' केलंय. काका खूश आहेत, म्हणे आता कळतंय.

वांद्रेकर_जुना
शिवडीचं मूळ पण तेच का हो, शीव?