रविवारी गच्चीवर हुरड्यानंतर गोड काय?

ए-१०२ काकू: हुरडा, दही, शेंगाचटणी, गूळ ठरलं. गोडाला बी-३०३ क्रम्बल करते म्हणाली आहे. बाई, काय काय लागतं ते इथंच टाक, वाटून घेऊ.

बी-३०३: काकू, खाली मसाल्यातली फळं, वर भुरभुरीत पिठाचा थर, आणि भाजलं की गरमच वाढायचं. फळं सफरचंद आणि पेरू. मसाला दालचिनी, सुंठ, किंचित जायफळ, दोनच लवंगा कुटून. लवंग वाढली की फळाची चव मारली जाते. पीठ ज्वारीचं.

सी-२०४: ज्वारीचं? भाकरी थापतानाच चिरते, ते भट्टीत कसं टिकणार?

बी-३०३: चिरते म्हणूनच घ्यायचं, ताई! ज्वारीत ग्लुटेन नाही, पीठ ताणलं जात नाही. भाकरीला उकळतं पाणी लागतं ते त्याचसाठी. केकला ही अडचण. इथं तर सुटंच हवंय. मैद्याला हात जरा जास्त लागला की वर कडक पापडी धरते. घरात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असताना कुणी मैद्याचं पाकीट आणू नका, एवढं ऐका माझं. नुसती ज्वारी कोरडी लागते, म्हणून शेंगदाण्याचा जाडसर कूट घालते.

ए-१०२ काकू: प्रमाण?

बी-३०३: सहा जणांना पाऊण किलो फळं. वरच्या थराला १५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम कूट, १०० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम गूळ पावडर. आपण अठराजण, म्हणजे तिप्पट. बटर मिठाचं असेल तर वेगळं मीठ नको. बटर फ्रीजमधून काढलेलं घट्टच हवं. बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळव्याच्या उबेनं ते वितळतं आणि पिठाचा गोळा होतो. काही दाणे वाटाण्याएवढे, काही रव्याएवढे राहिले की थांबायचं. मग पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. पुढं १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कडेनं रस बुडबुडायला लागेपर्यंत.

डी-१०१: माझ्याकडं मागे फळांना पाणी सुटून वरचा थर ओला झाला होता. असं का होतं?

बी-३०३: साखर लागली की फळ रस सोडतंच. आधी पातेल्यात थोड्या बटरवर पाच-सात मिनिटं परतायचं, रस निम्मा आटू द्यायचा, वर चमचाभर कॉर्नफ्लोअर. पेरूच्या बिया मात्र आधीच काढा, दाताखाली येतात.

सी-२०४: सांगोल्याची डाळिंबं आलीत घरी. घालू का?

बी-३०३: भाजू नका हो! दाण्यातला रस जातो आणि बी तेवढी उरते. वाढताना वरून टाकू, गरम फळावर थंड आंबटगोड दाणा फार छान लागतो.

ए-४०१ सर: क्रम्बल हे मूळचं इंग्लंडचं. महायुद्धात, १९४० च्या जानेवारीपासून तिकडं लोणी आणि साखर रेशनवर होती. 'पाय' म्हणजे पारीत फळं भरून भाजतात तो पदार्थ, त्याची पारी लाटायची तर लोणी जास्त लागतं, हे कमीत भागायचं. म्हणून घरोघर रुळलं.

डी-१०१: आमच्याकडं ओव्हनच नाही. मुलं मागं लागलीत, घरी पण करून बघायचंय.

बी-३०३: कढईत मीठ किंवा वाळू तापवून फळं शिजतील, पण वरून आच नसल्यानं थराला रंग येणार नाही. त्यापेक्षा तो थर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वेगळा भाजा. हलक्या हातानं हलवत राहा, तांबूस झाला की ताटात पसरा. फळं पातेल्यात मऊ करा आणि खाताना एकत्र. खरं सांगते, असा थर जास्त वेळ कुरकुरीत राहतो. साधा मायक्रोवेव्ह मात्र नको, त्यात सगळं मऊ पडतं. कन्व्हेक्शनचा, म्हणजे आत गरम हवा फिरवणारा, असेल तर चालेल.

ए-१०२ काकू: ठरलं मग. पीठ माझ्याकडून, परवाच गिरणीतून आणलंय. सी-२०४ कूट आणि डाळिंबं. डी-१०१, लक्ष्मी मंडईतून पेरू आण. पिकून मऊ झालेले नकोत ना गं?

बी-३०३: नको काकू, जरा घट्टच. सफरचंदं आणि बटर मी आणते. आणि अजून कुणाचा ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, असेल तर कळवा, तीन ट्रे एकात बसत नाहीत.

सी-३०१: माझा घ्या. सहाला चालू करून ठेवते.